भिंतीला टेकलेली शूटर

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात सगळे प्राध्यापक पंख्याखाली बसून शिकवायचे आणि मी उन्हात उभी राहून ओरडायची. खेळाची बाई म्हटली की आवाज मोठा आणि राग नाकावर, असं लोक धरूनच चालतात. मी त्यांना कधी निराश केलं नाही. व्हॉलीबॉल हा माझा खेळ. त्याचं माझं गणित अगदी सरळ होतं. जाळीच्या वर हात गेला तर खेळ, नाही तर नुसती धावपळ. हात वर जायला उडी पाहिजे, आणि उडी वाढवायची तर उड्या मारायच्या. पायऱ्यांवर मारायच्या, वाळूत मारायच्या, बेडकासारख्या मारायच्या. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वर्षानुवर्षं वाटलं नाही.

ती पोरगी पहिल्या वर्षाला आली तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. अकोटहून रोज एसटीनं येणारी, काळीसावळी, खांद्याला कापडी पिशवी. उंची अशी की शूटर व्हायचं नाव काढू नये. जाळीजवळ उडून बॉल समोरच्यांच्या अंगणात आपटते ती आमच्याकडे शूटर. त्या जागेवर मी नेहमी ताडमाड पोरी निवडायची. हिला मागे उभी केली. तिसऱ्या दिवशी एक उंच बॉल चुकून हिच्या डोक्यावर आला. ती दोन पावलं धावली, उडाली, आणि क्षणभर वरच राहिली असं मला वाटलं. बॉल समोरच्या रेषेवर असा आदळला की पलीकडच्या पोरी जागच्या हलल्या नाहीत. मी शिट्टी वाजवायची विसरले. त्या दिवसापासून ती माझी शूटर झाली.

उडी मोजायची माझी एक पद्धत होती. जिमखान्याच्या मागच्या भिंतीला काळा रंग दिलेला. पोरीनं मधल्या बोटाला पानाचा ओला चुना लावायचा, भिंतीशी उभं राहून उडायचं, आणि वर बोट टेकवायचं. पांढरा ठिपका उमटला की मी स्टुलावर चढून त्याच्याशेजारी खडूनं रेघ मारायची. आता उडी मोजायची यंत्रं आली आहेत, मोबाईलवरसुद्धा मोजता येते म्हणे; पण भिंतीवरचा ठिपका खोटं बोलत नाही, हा माझा हेका. तिची रेघ पहिल्या वर्षीच बाकीच्यांच्या वर गेली.

तरी विद्यापीठाच्या संघात तिची निवड दोनदा हुकली. एकदा उंची बघून बाजूला काढली, एकदा राखीव यादीत ठेवून बोलावलंच नाही. तिसरं वर्ष हे शेवटचं. पदवी झाली की तिनं नोकरी धरायची, हे घरात ठरलेलं होतं. तिचीही त्याला ना नव्हती. फक्त एकदा तिला विद्यापीठाची जर्सी घालून खेळायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

आणि त्याच वर्षी तिचा गुडघा दुखू लागला.

तिनं अर्थातच लपवलं. पायऱ्या उतरताना ती आडवी होऊन एकेक पाय टाकत होती, त्यावरून मला कळलं. मी तिला अमरावतीला एका फिजिओकडे घेऊन गेले. माझ्या मुलीच्या वयाची बाई. तिनं वाटीच्या खाली, जिथे जाड शीर लागते तिथे अंगठा दाबला आणि माझ्या शूटरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

‘‘उड्या काही दिवस बंद,’’ फिजिओ म्हणाली.

‘‘दोन-अडीच महिन्यांवर निवड चाचणी आहे. उड्या बंद करून ती करणार काय?’’

‘‘थांबणार,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘भिंतीला पाठ टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि तसंच धरून ठेवायचं. पाऊण मिनिट. मग विश्रांती, मग पुन्हा. असं पाच वेळा. याला आयसोमेट्रिक म्हणतात. स्नायूनं पूर्ण जोर लावायचा, पण सांधा हलू द्यायचा नाही.’’

परतीच्या वाटेवर मी चिडलेली होते. उडी वाढवायला एका जागी बसून राहा! पोहायला शिकायला गादीवर लोळ म्हणण्यातलाच प्रकार. पण गुडघ्याचं भय होतं, म्हणून म्हटलं, पंधरा दिवस करून बघू.

केलं तेही माझ्या पद्धतीनं. मी तिला भिंतीशी अगदी काटकोनात बसवलं, मांड्या जमिनीला समांतर, खुर्चीवर बसल्यासारखी. दिसायला शिस्तीचं दिसायचं. पाय थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, ती ओठ घट्ट मिटून समोर बघत राहायची. बाकीच्या पोरी उड्या मारत असायच्या आणि माझी शूटर भिंतीला चिकटलेली. मला ते बघवत नसे.

पंधराव्या दिवशी मी तिला पाचही वेळा धरायला लावलं, आणि पाचवी संपल्या संपल्या ओरडले, ‘‘चल, लाव चुना, मार उडी!’’

चुन्याची डबी माझ्या हातात तयारच होती. ती उडाली. ठिपका जुन्या रेघेच्या चार बोटं खाली पडला. पुन्हा उडाली, आणखी खाली. मी डबीचं झाकण आपटून लावलं.

‘‘झालं समाधान? होती ती उडीपण गेली. उद्यापासून हे नाटक बंद. पायऱ्या सुरू.’’

‘‘पन मॅडम, दुखनं कमी झालं ना,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘दुखणं कमी करून काय आरती ओवाळायची आहे? उडी पाहिजे उडी!’’

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर चढ म्हटलं, ती चढली नाही. उलट उत्तर दिलं नाही, रडलीही नाही. जिमखान्याच्या सावलीत जाऊन बॉल पुसत बसली. तिसऱ्या दिवशी तेच. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी स्टाफरूममध्ये चार जणांना सांगितलं, आणि मनातल्या मनात तिच्या जागी दुसरी पोरगी बघू लागले.

त्याच आठवड्यात एका नातेवाइकांकडे मी अकोटला गेले होते. परतीची गाडी धरायला सकाळी स्टँडवर आले, तर चौकशी खिडकीच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, ती. पिशवी मांडीवर. डोळे समोरच्या घड्याळावर. शेजारचं बाकडं रिकामं होतं, म्हणून तर सगळा स्टँड तिच्याकडे बघत होता. भाजीची टोपली घेतलेल्या एका म्हातारीला राहवलं नाही.

‘‘काहून वो पोरी, बाकड्यावर बस ना! तिथं अधांतरी काहून बसून राहिली?’’

‘‘मले असंच बसाचं आहे, आजी.’’

‘‘बाप्पा बाप्पा! बसाले खाली काई तं पायजे का नाई?’’

लोक हसले. दोन पोट्ट्यांनी मोबाईल काढले. तिच्या मांड्या थरथरत होत्या, चेहरा तापला होता, पण घड्याळावरची नजर तिनं काढली नाही. वेळ झाली तशी उठली, म्हातारीची टोपली फलाटापर्यंत नेऊन दिली, आणि परत येऊन पुन्हा भिंतीला टेकली. मी खांबाआड उभी होते. जिला मी हट्टी म्हणत होते ती हट्टी नव्हती. तिनं स्वतःच्या गुडघ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यासाठी भर स्टँडवर हसं करून घ्यायची तिची तयारी होती. माझ्या अंगात तेवढी हिंमत विसाव्या वर्षी नव्हती, आजही नाही.

मी पुढे झाले. ती दचकली, पण उठली नाही. पाऊण मिनिट पूर्ण व्हायचं होतं. मग म्हणाली, ‘‘मॅडम, बाबांनी एक करून देल्लं आहे. दाखवू?’’

तिचे वडील स्टँडजवळच्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. शेडच्या मागे त्यांनी सिमेंटमध्ये लोखंडी कडी पक्की केली होती. कडीला साखळी, साखळीला जुन्या मशीनच्या पट्ट्याचा कमरपट्टा. तो कमरेला बांधून, किंचित वाकून, सगळा जोर लावून वर उठायचा प्रयत्न करायचा. साखळी अर्थातच हलू देत नाही. फिजिओला फोन करून तिनं हे विचारून घेतलं होतं. फिजिओनंच सांगितलं होतं की उडी घेताना गुडघा जेवढा वाकतो तेवढ्यावरच साखळी बांध, कारण ज्या कोनात धरशील त्या कोनात जास्त ताकद येते. म्हणजे माझा तो सुबक काटकोनही चुकलेलाच होता. उडताना कोण खुर्चीत बसल्यासारखं खाली जातं?

वडील हात पुसत आले. ‘‘नमस्कार मॅडम. पयले मले वाटलं पोरीचं डोक्सं फिरलं. हलतच नाई ते रोज काय ओढून राहिली! मंग आपलं प्रेस आठवलं. रुईची गाठ दाबतो ना आमी, तवा शेवटी प्रेस थांबल्यावानी दिसते. हलत नाई. पन जोर तवाच सगळ्यायहून जास्त असते.’’

मी पट्टा हातात घेऊन बघितला, शिवण घट्ट आहे असं काहीतरी म्हटलं, आणि आम्ही दोघी एकाच गाडीनं अकोल्याला आलो. गाडीत मी तिला म्हटलं, ‘‘आज पुन्हा मोजू.’’ माफी वगैरे मागायची मला सवय नव्हती.

संध्याकाळी तिनं भिंतीशी पाच वेळा धरलं. या वेळी काटकोन नव्हता, तिच्या उडीचा कोन होता. पाचवी संपली आणि मी डबी उघडली तर चुना वाळून खडा झालेला. मी एका पोरीला गेटबाहेरच्या पानठेल्यावर पिटाळलं. तिथे गिऱ्हाइकं होती, पानवाल्याला गप्पांचा नाद, पोरगी काही लवकर येईना. मी इकडे धुसफुसत होते. शूटर मात्र मैदानाच्या कडेनं सावकाश चालत होती, पाय झटकत होती. बऱ्याच वेळानं चुना आला. तिनं बोटाला लावला, श्वास घेतला, उडाली.

ठिपका जुन्या रेघेच्या दोन बोटं वर.

मी स्टुलावर चढून भिंतीला नाक लावून पाहिलं. ठिपका पुसला, पुन्हा उडायला लावलं. पुन्हा तिथेच. बाकीच्या पोरींनी कल्ला केला. मी तिथूनच फिजिओला फोन लावून दोन्ही वेळचं सांगितलं. तिनं विचारलं,

‘‘ताई, मागच्या वेळी तुम्ही व्यायाम संपल्या संपल्या मोजलं होतं का?’’

‘‘मग केव्हा मोजणार? दसऱ्याला?’’

ती हसली. ‘‘अहो, तेव्हा पाय थकलेले असतात. उडी कमीच येणार. थोडं थांबायचं. थकवा उतरतो, पण स्नायू अजून जागा असतो. त्या वेळात उडी चांगली जाऊ शकते. किती थांबायचं ते मात्र प्रत्येकीचं वेगळं, आणि सगळ्यांना जमेलच असं नाही. खरी कमाई तिनं इतके दिवस केलेल्या व्यायामाची आहे. गुडघा शांत झाला, ताकद आली. हे थोडं थांबणं म्हणजे वरची साय.’’

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पोरीची उडी गेलेली नव्हतीच, मला तेवढा दम नव्हता. वाळलेल्या चुन्यानं मला थांबवलं, नाही तर त्या दिवशीही मी चार बोटं खालीच मोजलं असतं.

मग आम्ही रोज वही घेऊन बसलो. दोन मिनिटांनी मोजलं, तर कमी. चार मिनिटांनी जवळजवळ जुन्या रेघेवर. सहाला सगळ्यात वर. दहा मिनिटं झाली की पुन्हा होती तशी. मी उत्साहात सगळ्या संघालाच भिंतीला टेकवलं. एक-दोघींना फरक पडला, आणि लिफ्टर, म्हणजे जी शूटरला बॉल चढवून देते, तिला काडीचाही नाही. पण माझ्या शूटरची सहा मिनिटं पक्की होती. फिजिओच्या सांगण्यावरून हळूहळू मोजक्या उड्या सुरू झाल्या. पायऱ्यांवरून ती आता सरळ उतरू लागली.

निवड चाचणी अमरावतीला होती. अकोला, अमरावती, यवतमाळ, सगळीकडच्या पोरी आलेल्या. आमच्या भागात पहिली चाचणी उडीची. त्यात मागे पडली तिच्याकडे सामन्यात कोणी बघत नाही. क्रमानं नाव पुकारायचं, तीन उड्या, त्यातली मोठी लिहून घ्यायची. हिचा क्रमांक बराच मागचा होता. हिशेब करून ती कुंपणाच्या भिंतीला टेकली. शेंदूरजनाघाटकडच्या पोरींचा घोळका शेजारीच संत्री सोलत बसला होता. त्यांना हसू आवरेना. ‘‘ताई, खुर्ची आणून देऊ का?’’ एकीनं विचारलं. हिनं मान हलवली आणि मोजत राहिली.

हिशेब चुकला तो आमच्या हातात नसलेल्या कारणानं. मधल्या चार-पाच पोरी आल्याच नव्हत्या. पाचव्यांदा धरून ती उठते न उठते तोच तिचं नाव पुकारलं. निवड समितीतले सर माझ्याच जातकुळीचे, म्हणजे तापट. ‘‘चला, लवकर!’’

ती धापा टाकत त्यांच्यासमोर गेली. ‘‘सर, मले शेवटी घेता का?’’

‘‘हा काय दवाखाना आहे, नंबर मागेपुढे करायला?’’

माझा धीर सुटला. वही मीच लिहिली होती, सहा मिनिटं मलाच पाठ होती, तरी त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की संधी चालली. मी कडेवरून जीव खाऊन ओरडले, ‘‘मार उडी! थांबू नको, मार!’’

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत नाही म्हणून मान हलवली. मग सरांकडे वळून हात जोडले. ‘‘सर, शेवटीच घ्या.’’

सर लाल झाले. ‘‘शेवटी गेलीस तर तीन मिळणार नाहीत. एकच उडी. चुकलीस तर घरी.’’

‘‘एकच द्या, सर.’’

ती लिंबाच्या झाडाखाली जाऊन चालू लागली. इतकं सावकाश की जणू कोणाची वाट बघते आहे. उरलेल्या पाच-सहा पोरी एकेक उडत होत्या, टेप लागत होता, आकडे वाचले जात होते. तिच्या मनगटावर घड्याळ होतं, पण ती त्याच्याकडे फार बघतही नव्हती. रोज सहा मिनिटं थांबून तिला ती आतूनच कळू लागली होती. शेवटची पोरगी झाली. हिचं नाव पुकारलं. ती आली, भिंतीशी उभी राहिली, गुडघे साखळीच्या कोनात वाकवले, आणि गेली.

टेप धरणारा मुलगा स्टुलावर चढला, उतरला, पुन्हा चढला. सर स्वतः उठून बघायला आले. त्या दिवशीची ती दुसऱ्या क्रमांकाची उडी होती, आणि पहिली जिची होती ती हिच्यापेक्षा वीतभर उंच होती. दुपारच्या सामन्यात कोणी हिला मागे उभं केलं नाही. चार वाजता यादी वाचली, तिसरं नाव हिचं. शेंदूरजनाघाटच्या त्या पोरींनीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सर माझ्याजवळ आले. ‘‘बाई, हे आधी थांबायचं आणि मग उडायचं, डोकं कोणाचं?’’

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘‘आमच्या मॅडमचं.’’

आजवर कितीतरी हार मी असेच गळ्यात घालून घेतले आहेत. हा घेता येईना. ‘‘नाही हो, सर,’’ मी म्हटलं. ‘‘मी हिला हे बंद कर म्हणून सांगितलं होतं. मघाशीही मीच ओरडले. हिनं दोन्ही वेळा माझं ऐकलं नाही.’’

सरांना तो विनय वाटला. ते हसून निघून गेले. ती मात्र हसली नाही. परतीच्या गाडीत, बडनेरा मागे पडल्यावर, तिनं खिडकीकडे बघतच विचारलं, ‘‘मॅडम, मी ऐकलं असतं तं?’’

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ‘‘तर तू आज संघात नसतीस. आणि मी सगळ्यांना सांगितलं असतं, पोरीतच दम नव्हता.’’

तिनं मान डोलावली आणि थोड्या वेळानं खिडकीला डोकं टेकून झोपली. मी जागीच होते. इतक्या वर्षांत गुडघा धरून माझ्या मैदानावरून कायमच्या निघून गेलेल्या पोरी मला एकेक करून आठवू लागल्या. कोणी पहिल्या वर्षी गेली, कोणी दुसऱ्या. त्यांच्याबद्दल मी हेच वाक्य बोलले होते. त्या सगळ्या गुणी होत्या. मी पायऱ्या चढ म्हटलं की चढत होत्या.